मस्कतची हंडी आणि दुर्पताच्या सात्या

"चूल नाही, जाळ नाही, धूर नाही. मटण का आपल्या मनानं शिजंल?"

मामाजी हे कोणाला उद्देशून बोलत नव्हते. घरापुढच्या छपरीत खुर्ची टाकून बसले होते, समोर स्टुलावर माझ्या नणंदेची, सोनिकाची, विजेची हंडी होती आणि ते तिच्याशीच बोलत होते. मी दाराच्या आड, हातभर अंतरावर लसूण सोलत होते. मला ऐकू जावं हेही त्यांच्या मनात असेल. सुनेला काही सांगायचं तर भिंतीला सांगावं, अशी त्यांची जुनी सवय.

"अन् वरून म्हणते हात नका लावू. हात नाही लावायचा तर माणूस कायले बसवता? कुत्रं बसवा."

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझ्या मामाजींचं नाव चैनलाल. वय तेव्हा शहात्तर. ही गोष्ट दोन हजार अकराच्या नारबोदीची. नारबोद म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. पहाटे पळसाच्या फांद्या घेऊन घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून रोगराई, ढेकूण, मच्छर झाडायचे, गावाच्या शिवेबाहेर टाकून यायचं, आणि मग घरोघरी मटण. श्रावणभर तोंड बांधून बसलेलं अख्खं गाव त्या दिवशी तोंड सोडतं.

आमच्या घरात मटणाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची परवानगी नाही. हा माझ्या सासूबाईंचा नियम. त्या जाऊन नऊ वर्षं झाली, नियम अजून जिवंत आहे. परसात तीन दगड मांडायचे, मटणाचा वेगळा गंज, म्हणजे पातेलं, काढायचा, वेगळी पळी काढायची, आणि बायामाणसांनी लांबून मसाला नेऊन द्यायचा. शिजवायचं पुरुषांनी. पुरुषांनी म्हणजे मामाजींनीच. रिंकीच्या बाबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिलकला, चहासुद्धा उतू न जाऊ देता करता येत नाही.

पन्नास वर्षं मामाजींनी त्या तीन दगडांवर मटण शिजवलं, आणि ते सगळं नाकानं. घड्याळ नाही, बोटानं दाबून बघणं नाही. गंजाच्या वाफेत तोंड घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून कच्चं बोलून राहिलं." गोरेगावच्या एका राइस मिलवर ते तीस वर्षं धान पारखायला होते. मूठभर धान नाकाशी नेलं की सांगायचे, कोठीत ओलं भरलं होतं का, उंदीर लागले होते का. गावात चारपाच घरं मिळून बोकड कापतात आणि त्याचे हिस्से पाडतात, तेव्हा आधी चैनलाल पाटील हुंगणार, मग बाकीचे हिस्सा उचलणार. नाकाला एवढा मान मी दुसऱ्या कोणत्या गावात पाहिला नाही.

तीन वर्षांआधी त्यांना पावसाळ्यात मोठा ताप आला. हातपाय आखडले, दीड महिना खाटेवर होते. उठले, चालायला लागले, पण नाक काही परत आलं नाही.

हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण घरात काय लपतं? एक दिवस मी दूध ठेवून अंगणात गेले. परत आले तर पातेल्याचा कोळसा झालेला, घरभर करपट वास, आणि मामाजी तिथंच पाटावर बसून पेपर वाचत होते. पूर्वी फाटकातूनच सांगायचे, आज वांगं आहे, आज करडईची भाजी आहे. आता फाटकातून आत येता येता म्हणायचे, "वा, वास चांगला सुटला." एकदा तसं म्हणाले तेव्हा चुलीवर मी सोड्यात गोधड्या उकळत होते. मी म्हटलं, "हो, मामाजी." दुसरं काय म्हणणार?

तर असा तो "हो, मामाजी" घरात सगळ्यांच्या तोंडात बसला. आणि त्याची किंमत भलत्याच बाईनं मोजली.

दुर्पता तिचं नाव. जंगलाच्या कडेच्या टोल्यावर राहते, गोंडांच्या वस्तीत. वीस वर्षं ती आमच्या दारात चारोळीची फळं, तेंभरं, मोहफुलं असा रानमेवा आणायची, आणि पोळ्याच्या टायमाला सात्या. वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवतात ना पावसाळ्यात, त्या आमच्याकडच्या सात्या. ज्यानं खाल्ल्या त्यालाच कळतं. दुर्पता त्या पानात बांधून आणायची, मोजून कधीच देत नव्हती. म्हणायची, "रानानं मले का मोजून देल्ल्या होत्या?"

आदल्या सालच्या नारबोदीला मटण आलं ते पोळ्याच्या संध्याकाळीच कापलेलं. कापणारा नारबोदीला शुद्धीत नसतो, म्हणून आदल्या दिवशीच उरकून घेतलं. आमचा हिस्सा रातभर गुरांच्या कोठ्यात टांगून होता, पळसाच्या पानात. दमट हवा, घामानं अंग चिकट. सकाळी मामाजींनी पान सोडलं, हुंगलं आणि म्हणाले, "ताजं आहे."

मी पाण्याची बादली घेऊन बाजूलाच उभी होते. मला वास आला.

आला आणि मी बादली ठेवून आत निघून गेले. मनाला समजावलं, आपण गुरुवार धरतो, आपल्याला मटणाचा वास तसा नकोच वाटतो; मामाजींच्या नाकापुढं आपलं नाक ते काय.

संध्याकाळपर्यंत सणाला आलेल्या पाहुण्यांसकट घरातली पाच माणसं आडवी झाली. रिंकीच्या बाबांना गोरेगावला दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं होतं? आणि हे म्हणाले, "सात्या खाल्ल्या होत्या, साहेब. रानातल्या." मामाजी खाटेशी उभे होते, स्वतःचंच पोट धरून. त्यांनी यांच्याकडे पाहिलं, सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं आणि खाली बसले. मी बाटलीतले थेंब मोजत राहिले. घरात एकटी मी ठणठणीत होते, आणि सात्या सगळ्यांत जास्त मीच हाणल्या होत्या. गुरुवार होता ना. एवढा हिशेब पहिलीतल्या पोरालाही आला असता. आमच्यातल्या कोणालाच आला नाही.

आठ दिवसांनी दुर्पता आली तेव्हा यांनी तिला फाटकातच थांबवलं. म्हणाले, यापुढं काही आणू नको बाई, आमच्या घरची पाच माणसं मरता मरता वाचली. ती म्हणाली, "मालक, माह्या लेकरायनं त्याच सात्या खाल्ल्या." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं सूप पाखडत राहिले. सुपात काही नव्हतं. टोपली डोक्यावर घेऊन ती गेली, आणि गावात बातमी तिच्या आधी पोचली. वर्षभर तिच्या सात्या कोणी घेतल्या नाहीत. बाजाराला जाताना ती आमच्या गल्लीऐवजी तलावाच्या पाळीवरून जायची, मला दिसायची.

सोनिका, माझी धाकटी नणंद, मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. तिला मी फोनवर एकदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, बापाले कसं म्हणू? नाक म्हणजेच तर बाबूजी." त्यानंतर तिनं जो उपाय काढला तो असा होता, की यंदा सुट्टीवर आली ती सहा किलोची विजेची हंडी घेऊन. चॉकलेटं कमी आणली म्हणून गल्लीतली पोरं नाराज झाली ते वेगळंच.

आतून चिनीमातीचं जड भांडं, बाहेरून पत्रा, वर काचेचं झाकण, समोर एक खटका. मस्कतची पिन चौकोनी, आमच्या बोर्डात शिरेना; रिंकीच्या बाबांनी गोंदियाहून जोड आणला. हंडी स्वयंपाकघरात नेली असती तर सासूबाई फोटोतून खाली उतरल्या असत्या, म्हणून ती छपरीत, टीव्हीच्या बोर्डाजवळ बसवली.

"दोन बल्ब जळतात ना, तेवढीच लाइन खाते," सोनिका बापाला समजावत होती. "लाकूड नको, गॅस नको. अन् महागातलं कोवळं मटणही नको. मी दादाले मानेचं, नळ्यायचं आणायले सांगितलं. म्हाताऱ्या बोकडाचं. मंद आचेवर म्हातारं, चिवटच चांगलं शिजते."

"ऐकलं का, गोमती," मामाजी माझं नाव घेऊन, पण हंडीकडे बघत म्हणाले. "म्हाताऱ्याचा उपयोग आहे म्हणते."

सगळे हसले. मामाजीही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी परसातल्या तीन दगडांकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

आमचा कट असा होता: कोणी काही बोलायचं नाही. मशीन शिजवील, नाकाची गरजच पडणार नाही, मामाजींचा मान राहील, माणसं आजारी पडणार नाहीत. त्यात यंदा रिंकी आलेली, माझी लेक. सहावा महिना लागलेला. सासरी आमगावला तिला तेलाचाही वास सहन होत नव्हता, आणि इथं आजोबांच्या घरी पाय ठेवल्यापासून एकच धोशा, "आबाजीच्या हातचं मटण पाहिजे." सोनिका तिला म्हणाली, "आबाजीच्या देखरेखीतलं खाशील. चालंल?" आणि माझ्याकडे बघून हळूच, "हिच्या पोटात काही वाईट गेलं तर सलाइननं भागणार नाही, वहिनी." ते तिनं सांगायची गरज नव्हती. माझी तर त्या काळजीनं झोप उडाली होती.

म्हणून सोनिकानं सगळं दवाखान्यासारखं केलं. मटण सकाळी दुकानातून ताजं आणवलं. तुकडे सारख्या मापाचे केले, नाही तर म्हणे लहान शिजतो आणि मोठा आत कच्चा राहतो. मसाला मी आत परतून दिला, उकळतं पाणी दिलं. हंडी पाऊणच भरली. दहा वाजता खटका जोरावर टाकला. "एक घंटा जोरावर, मग मंद, मग शेवटी परत जोरावर. साडेपाचले जेवण."

"मधात पाहायचं नाही?" मामाजींनी विचारलं.

"बिलकुल नाही. एकदा झाकण उघडलं का अर्ध्या घंट्याची वाफ गेली. बाबूजी, मटण एक तर थंडगार पाहिजे, नाही तर चटका बसंल असं गरम. मधातलं कोमट दोन घंटे राहिलं का समजा गेलं. वासावरून नाही समजत ते."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं. मग रिंकीचे बाबा मोठ्यानं म्हणाले, "लोडशेडिंगचं काय?"

"पाहिलं ना दादा. ह्या हप्त्यात संध्याकाळी सहानंतर आहे. दिवसा लाइन राहते."

यंदा लेकरांचा तान्हा पोळा दुपारीच भरणार होता. बक्षीस द्यायला जे पुढारी येणार होते त्यांना संध्याकाळी आणखी तीन गावं करायची होती. शेजारच्या पोरांचे लाकडी बैल सजवायला रिंकीला मोठी हौस. अकरा वाजता सोनिकानं खटका मंदावर आणला आणि आम्ही चौघं निघालो. मामाजी म्हणाले, गर्दीत माझे गुडघे दुखतात, मी बसतो.

"तुम्ही राखणदार," सोनिका म्हणाली.

"बरं."

"झाकण?"

"नाही उघडत, माय."

चूल नाही, जाळ नाही ही कुरकुर मी ऐकली ती याच्या आधी, हंडी लावल्यावर. निघताना मात्र ते अगदी गुणी पोरासारखे खुर्चीत बसले होते. डोक्यावर पंखा फिरत होता. हंडीवरचा लाल दिवा लागलेला होता.

शाळेच्या मैदानात जनरेटरवर भोंगा लावला होता. पुढारी यायला दीड घंटा उशीर झाला, भाषण तेवढंच लांबलं, आणि एका पोराच्या बैलाचं चाक मंडपातच निघालं त्यावरून दोन घरांची जुनी भांडणं निघाली. दोन वाजता घरी आलो. मामाजी खुर्चीत होते. पंखा फिरत होता. लाल दिवा लागलेला होता.

"कसं का?" सोनिकानं विचारलं.

"वास चांगला सुटला," मामाजी म्हणाले.

सोनिकानं हंडीच्या अंगाला हात लावला, गरम लागलं. झाकण उघडलं नाही; स्वतःचा नियम स्वतः कसा मोडणार? खटका परत जोरावर केला. मी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली, रिंकीला दिली. ती म्हणाली, "आई, हे तर कोमट आहे." मला वाटलं, दार नीट लागलं नसेल.

पाच वाजता खरोखरच वास सुटला. छपरीतून आत, आतून परसात. लवंगेचा, जुन्या नळ्यांच्या रसाचा, मी परतलेल्या खोबऱ्याचा. रिंकी तर दाराशी येऊन उभीच राहिली. मी छपरीत पाट मांडायला घेतले, मामाजींची खुर्ची सरकवली, आणि खुर्चीखाली विंझणा दिसला.

बांबूचा हातपंखा तो. सासूबाईंच्या वेळचा. मधल्या खोलीत खुंटीवर टांगलेला असतो आणि लाइन गेल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. मी तो उचलला. मूठ अजून घामानं चिकट होती. मग मला ते कोमट पाणी आठवलं. हंडीचं झाकण पाहिलं तर काचेच्या कडेला मसाल्याचा ओघळ वाळलेला, झाकण उचलून टेकवल्यावर येतो तसा. एक नाही, चारपाच जागी.

लाइन गेली होती. आम्ही नसताना गेली होती, आणि मामाजींना ठाऊक होतं.

तोंड उघडलं की सगळं सांगून होत होतं: खाऊ नका, हे टाका. पण त्याच्या मागोमाग प्रश्न आलाच असता, की मामाजी, तुम्ही सांगितलं काऊन नाही? आणि त्याच्या मागोमाग ते, जे तीन वर्षं आम्ही कोणी उच्चारलं नव्हतं. माझ्या तोंडून ते निघालं असतं तर मी त्यांना उघडं पाडलं असतं, भर घरात, लेकीनातीसमोर. आदल्या साली मी गप्प बसले होते. यंदा गप्प बसणार नव्हते, एवढं मात्र त्याच जागी ठरलं. फक्त त्यांना थोडी वाट द्यायची होती.

"भात व्हायचा आहे अजून," मी म्हटलं. "पंधरा मिनिटं थांबा."

"भात तर झाला ना आई," रिंकी म्हणाली.

"कण्या राहिल्या आहेत. तू आधी देवापाशी दिवा लाव."

ती गेली. रिंकीचे बाबा हातपाय धुवायला गेले. सोनिका ताटं पुसत आत होती. मी विंझणा घेऊन मामाजींसमोर उभी राहिले. पंचवीस वर्षांत त्यांच्यासमोर अशी सरळ उभी राहण्याची वेळ फार आली नव्हती.

"मामाजी, हा आत खुंटीवर टांगू का?"

त्यांनी विंझण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे पाण्यानं भरलेले नव्हते की काही नव्हते. म्हातारे, थकलेले डोळे. रस्ता चुकलेल्या माणसाला ओळखीचं कोणी भेटल्यावर दिसावे तसे.

"राहू दे इथंच," ते म्हणाले.

मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि भात घेऊन आले. मनात म्हटलं, पहिला घास उचलेपर्यंत. त्यानंतर मी बोलणार.

सगळे बसले. सोनिकानं झाकण उचललं. वाफेचा लोट उठला. वर्षानुवर्षांची सवय अशी, की तिच्या तोंडून निघूनच गेलं, "बाबूजी, आधी तुम्ही."

मामाजी वाकले. वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी डोळे मिटले, श्वास ओढला, परत ओढला. रिंकीचे बाबा मीठ शोधू लागले. सोनिका पळी पुसू लागली. रिंकी आपल्या बांगड्या मोजू लागली. मी मात्र त्यांच्याकडेच पाहत राहिले.

ते सरळ झाले. चष्मा काढून पुसला. सोनिकानं पहिलं ताट भरलं, नळीच्या दोन मऊ झालेल्या फोडी वेचून घातल्या आणि रिंकीसमोर ठेवलं. रिंकीनं भात कालवला. मी तोंड उघडलंच होतं.

मामाजींचा हात पुढं आला आणि रिंकीच्या ताटावर पालथा पडला. बोटं रश्श्यात गेली. भाजलं असेल, पण हात काढला नाही.

"नको खाऊ, बेटा."

"काय झालं, आबाजी?"

"लाइन गेली होती."

सोनिकाच्या हातात पळी तशीच राहिली. "कधी?"

"तुम्ही गेले अन् दहा मिनिटांत. दीड वाजता आली."

"म्हणजे सवादोन घंटे. बाबूजी, तेव्हा तर ते नुसतं कोमट झालं असंल." ती नर्ससारखी बोलत होती, आवाज न चढवता. "झाकण उघडलं?"

"उघडलं. चारपाच खेपा. हुंगून पाहिलं."

"अन् मी आली तेव्हा सांगितलं काऊन नाही?"

तेवढ्यात रिंकीचे बाबा मधे पडले. मायाळू माणूस, पण माया त्यांना नेहमी चुकीच्या जागी येते. "अरे, जाऊ दे ना. आता तर शिजलं आहे. चांगला वास येऊन राहिला. पाहिजे तर परत उकळून घेऊ."

"उकळून जंतू मरतात, दादा. त्यायनं सोडलेलं जहर नाही मरत. कोमट राहिलेलं मटण मागून कितीही शिजव, ते जहर तसंच राहते."

"एवढं मटण फेकायचं?" त्यांनी बापाकडे पाहिलं. आवाज मऊ केला. "बाबूजी, तुम्ही हुंगलं ना? मग तुम्हीच सांगा. तुम्ही चांगलं म्हटलं तर चांगलं. तुमच्या नाकाले आजपर्यंत कोणी..."

"तिलक," मामाजी म्हणाले.

हे थांबले.

मामाजींनी रश्श्यातला हात उचलला, धोतराला पुसला. मग विंझणा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला, हळूच, सासूबाईंची वस्तू ठेवतात तसा. कोणाकडे पाहू ते त्यांना कळेना. शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"मले वास येत नाही. त्या तापापासून नाही. गुलाबाचा नाही, गोवऱ्याचा नाही, कशाचाच नाही."

कोणी "हो, मामाजी" म्हणालं नाही.

"मागल्या साली मटणच सडलं होतं," ते म्हणाले. "मी हुंगलो, मले काही नाही आलं, मी ताजं म्हटलं. दुर्पताच्या सात्या चांगल्या होत्या. तिलक, उद्या माफी मागायले तिच्या टोल्यावर तू नको जाऊ. मी जातो."